मनगटाचे प्लास्टर निघाल्यानंतर

मनगटाचे मोडलेले हाड साधारण ६ आठवड्यांत जुळते, पण प्लास्टर निघाल्यावर हात काही दिवस आपला वाटत नाही, कारण मनगटातील ८ लहान हाडांभोवतीचे स्नायू व अस्थिबंध तोवर आखडलेले असतात. खरे तर तयारी प्लास्टर असतानाच सुरू करावी: हात उशीवर हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावा आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर बोटे दर तासाला पूर्ण मिटून उघडावीत.

प्लास्टर निघाल्यावर हात १० मिनिटे कोमट पाण्यात ठेवून मनगट सावकाश वर-खाली करावे आणि कोपर कमरेला टेकवून तळवा आकाशाकडे, मग जमिनीकडे वळवावा. हे वळणे परतायला वेळ लागू शकतो.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट यापुढे रोजची कामेच व्यायाम म्हणून देतात. सोलापुरात त्यासाठी ज्वारीच्या पिठाइतके सोयीचे साधन दुसरे नसावे. आधी सैल पीठ बोटांनी कालवावे, मग तळव्याच्या टाचेने मळावे. भाकरी थापण्याची घाई मात्र करू नये, कारण प्रत्येक थापेचा धक्का थेट मनगटावर येतो. इथला जाड टॉवेल ओला करून पिळणे त्याहूनही जड असल्याने ते थेरपिस्टला विचारूनच करावे, आणि भिजलेली चादर तर दुसऱ्यालाच पिळू द्यावी.

व्यायामानंतरची ठणक तासाभरात शमली पाहिजे. बोटे बधिर झाली, हात लालसर होऊन चकाकू लागला किंवा साध्या स्पर्शानेही आग होऊ लागली, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.