लिनक्स टाकताना एलव्हीएमच्या या चुका टाळा (सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकू नका!)

एलव्हीएम (डिस्कची जागा 'व्हॉल्यूम' नावाच्या तुकड्यांत वाटणारी लिनक्सची सोय) घ्यायचं कशासाठी, तर नंतर जागा कमीजास्त करता यावी म्हणून. आणि लोक काय करतात, इन्स्टॉल करतानाच व्हॉल्यूम ग्रुपमधली (ज्यातून व्हॉल्यूम कापले जातात त्या साठ्यातली) सगळी जागा वाटून मोकळे होतात. मग साधं पार्टिशन काय वाईट होतं? वाढवायला दोन मिनिटं लागतात, कमी करायला घाम फुटतो, आणि फाइलसिस्टम (व्हॉल्यूमवर फाइली मांडायची पद्धत) एक्सएफएस असेल तर कमी होतच नाही, विषय संपला.

यात सेंटओएस ७ या लिनक्सच्या इन्स्टॉलरचाही हात आहे. डिस्क ५० जीबीपेक्षा मोठी असेल तर ऑटोमॅटिक पार्टिशनिंग रूटला (सिस्टमच्या मुख्य भागाला) ५० जीबी द्यायचं, थोडा स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा), आणि उरलेलं सगळं होमला (यूजरच्या फाइलींना), वर दोन्ही एक्सएफएस. सर्व्हरवर होममधे ठेवणार काय? डेटाबेस वाढतो व्हार फोल्डरात, म्हणजे रूटवर.

एका ओळखीच्यांच्या ऑफिसात नेमकं हेच झालं. रूट शंभर टक्के, मायएसक्यूएल डेटाबेस बंद, होम जवळपास रिकामं. तिथल्या पोराने नेटवरून एक कमांड उचलली आणि होमवर थेट एलव्हीरिड्यूस (व्हॉल्यूम लहान करणारी कमांड) चालवलं. डेटा जाऊ शकतो अशी वॉर्निंग कॅपिटल अक्षरांत येते हो, पण वाचतो कोण, वाय दाबला. मग होम माउंटच होईना (सिस्टमला जोडलंच जाईना), कारण फाइलसिस्टमच्या हिशोबात जागा जुनीच आणि खालचा व्हॉल्यूम कापलेला. त्यातल्या त्यात नशीब एवढंच की सुटलेली जागा रूटला जोडायच्या आधी त्याने मला फोन केला. एलव्हीएम प्रत्येक बदलाआधी आपल्या मेटाडेटाची (कुठला व्हॉल्यूम डिस्कवर कुठे, या नोंदीची) कॉपी ईटीसीमधल्या एलव्हीएम फोल्डरात, आर्काइव्हखाली ठेवतं. होमचा व्हॉल्यूम डीअ‍ॅक्टिव्हेट केला, व्हीजीसीएफजीरिस्टोअर या कमांडने जुन्या कॉपींची लिस्ट काढून रिड्यूसच्या आधीची फाइल परत घेतली, एक्सएफएस रिपेअर आधी नुसत्या तपासणीच्या मोडमधे चालवलं, आणि सगळं जागेवर! ती जागा एकदा रूटमधे जाऊन त्यावर काही लिहिलं गेलं असतं तर देवही काही करू शकला नसता. नंतर सरळ मार्गाने गेलो, होमचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, व्हॉल्यूम उडवून लहान बनवला, डेटा परत टाकला, मग रूट वाढवलं. तासभर जास्त गेला, पण झोप लागली.

एक्सटी४ ही दुसरी फाइलसिस्टम कमी होते, पण अनमाउंट करून, आणि आधी फाइलसिस्टम, मग व्हॉल्यूम. हा क्रम उलटा केला की गेलात. मी तर एलव्हीरिड्यूसला कायम मायनस आर (फाइलसिस्टमही सोबत बदलणारा पर्याय) लावतो, क्रम तोच सांभाळतो.

वाढवतानाही मायनस आर विसरू नका. 'एलव्हीएक्सटेंड केलं तरी डीएफमधे जागा जुनीच दिसते' (पहिली व्हॉल्यूम वाढवायची कमांड, दुसरी जागा दाखवणारी) हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता चिडचिड होते. व्हॉल्यूम वाढला, फाइलसिस्टम नाही वाढली, एवढंच. व्हर्च्युअल मशीनची डिस्क मोठी केली असेल तर आधी पार्टिशन, मग पीव्हीरिसाइझ (एलव्हीएमला नवा आकार कळवणारी कमांड), त्यानंतरच बाकीचं.

उबंटू सर्व्हरचं बरोब्बर उलटं आहे. ५०० जीबीची डिस्क असली तरी इन्स्टॉलर रूटला १०० जीबीच देतो, आणि लोक डिस्क डुप्लिकेट निघाली म्हणून दुकानदाराशी भांडायला निघतात. आधी व्हीजीएस (ग्रुपमधली मोकळी जागा दाखवणारी कमांड) टाइप करून बघा, उरलेली जागा तिथेच पडून आहे. आणि ती दिसली की लगेच शंभर टक्के फ्री वाली कमांड मारू नका, लागेल तेवढीच घ्या, बाकी राहू द्या की! मी स्वतः रूटला ४० जीबी, डेटाला वेगळा व्हॉल्यूम देतो आणि वीसेक टक्के मोकळं ठेवतो.

बूट आणि ईएफआय (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींची पार्टिशनं) एलव्हीएमच्या बाहेर ठेवा. ईएफआयला फॅट३२ फाइलसिस्टम लागते, तिथे चॉइस नाही. बूट आत ठेवून ग्रब (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) चालतं हे मलाही माहितीये, पण रात्री दोन वाजता मशीन उठत नसेल तेव्हा एक भानगड कमी असलेली बरी.

दोन डिस्क एका ग्रुपमधे जोडून 'एकच मोठी डिस्क' बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हे रेड (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचवणारी रचना) नाही. एक गेली की तिच्यावर पसरलेला व्हॉल्यूम गेला.

स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणं) म्हणजे बॅकअप नाही. त्याला दिलेली जागा भरली की तो बाद होतो, आणि असतो त्याच डिस्कवर.

आणि ग्रुपला नाव द्या, मशीनचं दिलं तरी चालेल. डिफॉल्ट नाव ठेवलेल्या मशीनची डिस्क काढून तशाच दुसऱ्या मशीनला लावली की दोन ग्रुप एकाच नावाचे होतात, मग यूयूआयडी (ग्रुपचा ओळख क्रमांक) शोधून व्हीजीरिनेमने नाव बदलत बसा.