छर्रे तपासायला स्वस्तातला स्कोप घेताना

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं आणि माझ्या भाचीने घरात रायफलचा विषय काढला. वर्षभराने तिच्याकडे सरावाची एक स्प्रिंगवाली एअर रायफल आली. नळी ४.५ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन. ती मागच्या पीप साइटमधून, म्हणजे बारीक भोकातून नेम धरून मारते. सराव चांगला चाललेला असताना एका महिन्यात तिचे छर्रे कागदावर अचानक पांगायला लागले. छऱ्यांची डबी बदलली होती, हवा बदलली होती आणि परीक्षाही आली होती. चूक छऱ्याची, बंदुकीची की पोरीची, हे कळायला मार्ग नव्हता. "मामा, तू मारून बघ," ती म्हणाली. मी मारलं, तर माझा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, तिच्याहून वाईट. चोपन्नाव्या वर्षी पीप, पुढची कडी आणि दहा मीटरवरचा काळा गोल या तीन गोष्टी एकाच वेळी डोळ्याला स्पष्ट दिसत नाहीत.

मी अमळनेरला लेथ चालवतो. पंपाचे शाफ्ट, जिनिंगचे रोलर, असली कामं. मोजमापाचा एक नियम हाताला बसलेला आहे: ज्याने मोजायचं ते साधन मोजायच्या वस्तूपेक्षा जास्त पक्कं हवं. इथे साधन होता माझा डोळा आणि तो कच्चा होता. म्हणून स्कोप, म्हणजे बंदुकीवर चढवायची दुर्बीण. स्पर्धेसाठी नाही, कारण दहा मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दुर्बीण चालतच नाही. स्कोप फक्त तपासणीपुरता चढवायचा, कोणता छर्रा या नळीला मानवतो ते बघायचं आणि उतरवून पीप परत लावायची. या कामासाठी लाखाची दुर्बीण लागत नाही. पण पाच हजारांत चुकीची घेणं फार सोपं आहे. मी दोनदा चुकलो.

पहिला स्कोप ओळखीच्या माणसाने दिलेला, ४ बाय ३२ लिहिलेला, म्हणजे ४ पट मोठं दाखवणारा आणि पुढचं भिंग ३२ मिलिमीटरचं. काच चांगली, वजनाला हलका. दहा मीटरवर मात्र काळा गोल धुरकट दिसायचा आणि गाल जरा हलवला की आतली नेम धरायची फुली गोलावरून सरकायची. बंदूक तिथेच, निशाण तिथेच, तरी फुली चालते. याला पॅरालॅक्स म्हणतात. मोठ्या काडतुसाच्या रायफलींचे बरेचसे साधे स्कोप कारखान्यातच १०० यार्डांना, म्हणजे साधारण ९१ मीटरला जुळवलेले असतात. त्याच्या फार अलीकडच्या वस्तूचं चित्र फुलीच्या पातळीवर पडतच नाही.

ही चूक किती मोठी होते ते मी कागदावर मांडलं. पुढच्या भिंगाची त्रिज्या १६ मिलिमीटर. तिला गुणायचं अंतराच्या फरकाने, म्हणजे ९१ वजा १० बरोबर ८१ ने, आणि भागायचं ९१ ने. उत्तर येतं सुमारे १४ मिलिमीटर. डोळा पार कडेला गेला तर एका बाजूला एवढी चूक होऊ शकते. दहा मीटरच्या टार्गेटवर एका गुणाची रिंग अडीच मिलिमीटर रुंद असते. म्हणजे नुसत्या गालाच्या जागेने पाच गुण इकडे तिकडे. अशा साधनाने छर्रा काय तपासणार?

म्हणून पहिली आणि सगळ्यांत मोठी अट हीच: तुम्ही ज्या अंतरावर मारणार त्या अंतराला स्कोप जुळवता आला पाहिजे. अशा स्कोपवर एओ, म्हणजे ॲडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह, लिहिलेलं असतं. पुढच्या भिंगाभोवती फिरणारी कडी असते आणि तिच्यावर अंतराचे आकडे असतात. काहींत ही घुंडी डाव्या बाजूला असते, तिला साइड फोकस म्हणतात. ती महाग पडते आणि तपासणीच्या कामाला तिची गरज नाही. कडीवरचा सर्वांत लहान आकडा १० यार्ड किंवा त्याहून कमी आहे का ते बघा. १० यार्ड म्हणजे ९.१ मीटर, आपल्याला पुरतं. २५ किंवा ५० पासून सुरू होणारी कडी आपल्या कामाची नाही, दुकानदार काहीही म्हणो. जुन्या स्कोपचं पुढचं भिंग आटे फिरवून दहा मीटरला आणण्याची युक्ती बरेच जण करतात आणि ती लागूही पडते. पण आत भरलेला नायट्रोजन निघून जातो आणि पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरते. बोरी नदीला पूर आलेल्या आठवड्यात मी हे स्वतः बघितलं आहे.

दुसरा स्कोप मी हौसेने घेतला, ६ ते २४ पट, पुढचं भिंग ५० चं. दीडएकशे छऱ्यांत त्याची फुली तिरकी झाली. दोष विकणाऱ्याला देण्यात अर्थ नव्हता, मीच विचारलं नव्हतं. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दोन्हीकडचा असतो. पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते आणि पिस्टन टोकाला हवेच्या उशीवर थांबतो तेव्हा ती झटकन पुढे जाते. काडतुसाच्या बंदुकीचा धक्का मुख्यतः मागे असतो, म्हणून त्यांच्या स्कोपमधली भिंगं एकाच बाजूने घट्ट बसवलेली असू शकतात. तेव्हा विचारताना सरळ विचारा, "स्प्रिंगर एअर रायफलला चालतो का?" तसं खोक्यावर लिहिलेलं हवं. तुमची बंदूक पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, असेल तर धक्का जवळपास नसतो आणि ही अट सैल होते.

पटींचा मोह सोडा. दहा आणि पंचवीस मीटरवर ९ पट भरपूर झाले. पुढच्या भिंगाचा आकडा पटींनी भागला की डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिलिमीटर, सावलीतही छान दिसतं. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २.१. चित्र काळवंडतं आणि डोळा नेमक्या जागी धरून ठेवायची कसरत होते. शिवाय २४ पटीत स्वतःची नाडी फुलीवर उडताना दिसते आणि माणूस घाबरून चाप ओढतो. ३ ते ९ बाय ४०, एओ, स्कोपची नळी एक इंचाची: एवढं पुरे.

फुली बारीक हवी. जाड फुलीखाली दहा मीटरवरचं निशाण झाकलं जातं. उजेडाची लाल-हिरवी फुली, दूर अंतराच्या खुणांचं जाळं, पटींबरोबर लहान-मोठी होणारी पहिल्या प्रतलातली फुली, यावर पैसे घालू नका. वाचलेले पैसे माउंटवर, म्हणजे स्कोप बंदुकीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर घाला. आपल्या एअर रायफलींवर बहुधा ११ मिलिमीटरची खाच असते, तर २० मिलिमीटरच्या पट्टीचे माउंट वेगळे असतात. व्हर्नियर लावून मोजा, मगच मागवा. स्प्रिंगरला दोन सुट्या कड्यांपेक्षा एकसंध माउंट बरा. त्याच्या बुडाला अडकवायची पिन असेल तर उत्तम, नाहीतर धक्क्याने अख्खा स्कोप मागे सरकत जातो आणि आपण छऱ्यांना दोष देत बसतो.

आता तपासणी. मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते इथे, कारण परत करायची मुदत संपायच्या आत हे करून घेतलं पाहिजे आणि त्याला एकही छर्रा लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानातून मिलिमीटरचा आलेख कागद आणा. भिंतीला चिकटवा आणि तिथून बरोबर दहा मीटर टेपने मोजा. स्कोप माउंटसकट वाइसमध्ये धरा. जबड्यांना जुन्या ट्यूबचं रबर लावा आणि आवळा माउंटचं बूड, स्कोपची नळी नाही. एओची कडी फिरवून चौकटी स्वच्छ करा, मग डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. फुली कागदावर स्थिर राहिली की तुमचे दहा मीटर सापडले. कडीवरचा छापील आकडा वेगळा असेल, त्यावर विश्वास ठेवू नका. पांढरी चिकटपट्टी लावून पेन्सिलने स्वतःची खूण करा.

मग फुली सरकवायच्या घुंड्या. त्यांच्यावर पाव एमओए (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) लिहिलेलं असेल तर एका टिकटिकीने दहा मीटरवर फुली ०.७३ मिलिमीटर सरकायला हवी, म्हणजे ४० टिकटिकींना २९ मिलिमीटर. ४० वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे असा चौकोन फिरवा आणि प्रत्येक कोपरा आलेख कागदावर वाचा. २९ च्या जागी २७ आले तरी चालेल. तो फरक कायम असतो आणि वहीत लिहिता येतो. फुली सुरुवातीच्या चौकटीत परत आली नाही, किंवा वर फिरवताना तिरकी चालली, तर तो स्कोप परत करा. सगळ्या पटींवरही बघा. ३ वरून ९ वर नेताना फुली निशाणावरून ढळत असेल तर एकाच पटीवर कायम ठेवून काम भागेल, पण मी तरी घेणार नाही. मी मागवलेल्या तिसऱ्या स्कोपने हा चौकोन तीनदा पूर्ण केला. त्याला मी माउंट सोडून साडेचार हजार दिले.

चढवताना समोर ओळंबा टांगा. बंदूक पातळीत धरून फुलीची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवा. कड्यांचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा आणि चावीचं आखूड टोक दोन बोटांत धरून आवळा. मी पहिल्यांदा कारखान्याच्या हाताने आवळले आणि नळीला चट्टा पाडला.

मारायला आम्ही ओळखीतल्या एका जिनचं रिकामं शेड मागून घेतलं. कापसाचा हंगाम नसताना तिथे २५ मीटर सरळ, वाऱ्याशिवाय मिळतात. मागे काळ्या मातीने गच्च भरलेलं लाकडी खोकं, त्यामागे विटांची भिंत. उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत उरका. पत्रा तापला की जमिनीवरून हवा लहरते आणि निशाण पाण्यात असल्यासारखं हलतं. २५ मीटरवर आले की एओ पुन्हा जुळवा. तिथे एक टिकटिक १.८ मिलिमीटरची होते.

बंदूक टेकवताना पुढचा हात पिशवीवर आणि बंदूक उघड्या तळव्यावर. स्प्रिंगर दाबून धरली की दर वेळी वेगळी उडते. नव्या डबीचे पहिले दहा छर्रे मोजायचे नाहीत, नळीला त्या शिशाची सवय होऊ द्यायची. मग पाच-पाचचे पाच ग्रुप. तीन छऱ्यांच्या ग्रुपवर निकाल देऊ नका, तीन छर्रे योगायोगानेही एका भोकात जातात. दोन लांबच्या भोकांचं बाहेरून बाहेर अंतर व्हर्नियरने मोजा, त्यातून त्याच कागदावरच्या एकट्या भोकाची रुंदी वजा करा. डब्या आलटून पालटून मारा, नाहीतर शेवटच्या डबीच्या वाट्याला थकलेला खांदा येतो.

शेडचे राखणदार आप्पा पहिल्या दिवशी खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. दोन ग्रुप बघून म्हणाले, "भाऊ, बंदूक तीच शे, माणूस तोच शे, मंग छर्रा इकडे-तिकडे का जाई राहिना?" तपासणीचा प्रश्न याहून नेमका मला मांडता आला नसता. उत्तर शोधायला मी प्रत्येक पाचव्या ग्रुपला पहिली, चांगली ठरलेली डबी परत मारली. तीही पांगली तर स्कोप किंवा स्क्रू हलले आहेत. ती जागेवर आली तर दोष नव्या डबीचा.

कायद्याचं थोडक्यात. ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही, पण खरेदीची पावती बंदुकीसोबत ठेवा. पक्ष्यांवर, खारींवर एकही छर्रा नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा प्रश्न तर आहेच आणि माझ्या देखत तर मुळीच नको. छर्रे शिशाचे असतात, हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका.

आमचा निकाल दोन सकाळींत लागला. दहा मीटरवर जुनी डबी पाच ग्रुपच्या सरासरीने ६ मिलिमीटर, नवी १३. पोरीची काहीच चूक नव्हती. ती महिनाभर स्वतःला दोष देत होती, ते मला जास्त लागलं. स्कोप उतरवला, पीप चढवली, नवी डबी बाजूला काढली. स्कोप आता झाकणं लावून सिलिका जेलच्या पुड्यांसह स्टीलच्या डब्यात आहे आणि झाकणावर पट्टी आहे: १० मीटर, ९ पट, ४० टिकटिकींना २८ मिलिमीटर. पुढची छऱ्यांची डबी आली की तो निघेल.