बातमी वाचून गोळी बंद करताय? आधी या चुका टाळा

रविवारच्या पुरवणीत औषधांबद्दल काय छापून आलं, ते मला सोमवारी सकाळी पेपर न उघडताही कळतं. दुकानाचं शटर वर गेल्यावर पहिल्या तासाभरात दोघंतिघं तरी विचारतात, "ही गोळी आता चालत नाही म्हणे?" किंवा "ते नवीन औषध आलंय ना, ते आहे का तुमच्याकडे?" कराडमध्ये मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत बातम्या बदलल्या, पण त्या वाचून लोक करतात त्या चुका बदलल्या नाहीत. त्यातल्या एकदोन चुकांनी मी माणसं दवाखान्यात पोचलेली पाहिली आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो.

चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं

२०२१ च्या दिवाळीआधी अमेरिकेतून एक बातमी आली. प्रतिबंधक उपचारांबद्दल शिफारशी करणारी एक तज्ज्ञ समिती तिथे आहे. तिने मसुदा जाहीर केला की साठी ओलांडलेल्यांनी पहिला हार्ट अॅटॅक टाळण्यासाठी रोजची अॅस्पिरिन नव्याने सुरू करू नये. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचेपर्यंत या वाक्यातले 'पहिला' आणि 'नव्याने' हे दोन शब्द गळून पडले. उरलं ते एवढंच: साठीनंतर अॅस्पिरिन धोक्याची, अमेरिकेने बंद केली.

आमच्या पेठेत एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्या बातमीच्या दोन वर्षं आधी अँजिओप्लास्टी होऊन त्यांना स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसला होता. पेन्शन झाली की त्यांची महिन्याची पिशवी ठरलेली: बीपीची, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवायची अॅस्पिरिन. त्या महिन्यात म्हणाले, "ती पातळ करायची राहू दे, शिल्लक आहे." सणाची गर्दी होती, मी पुढे विचारलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या जागी मुलगा आला, हातात आयसीयूची चिठ्ठी घेऊन. पहाटे छातीत दुखलं, घाम फुटला, नेलं तेव्हा स्टेंटमध्येच गुठळी झालेली निघाली. पुन्हा अँजिओप्लास्टी करावी लागली. गुरुजी वाचले.

गोळी बंद केली म्हणूनच हे झालं, असं एका माणसावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण गोळी नेमकं हेच टाळण्यासाठी दिलेली होती. अॅस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. त्यामुळे गुठळी कमी होते आणि त्याच कारणाने रक्तस्राव वाढतो. ज्याला हृदयाचा त्रास कधी झालाच नाही त्याला फायदा थोडा, आणि वय वाढेल तसा रक्तस्रावाचा धोका मोठा. ज्याच्या रक्तवाहिनीत धातूची जाळी बसवलेली आहे त्याचा हिशेब अगदी उलटा. या विषयावरचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला तो ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ वयस्कर माणसांवरचा. त्यात हृदयविकार असलेल्यांना घेतलंच नव्हतं. गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के लोकांना मोठा रक्तस्राव झाला, न घेणाऱ्यांपैकी २.८ टक्के लोकांना, आणि हृदयविकार टाळण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. हे सगळं खरं आहे. फक्त ते गुरुजींबद्दल नव्हतं. त्या अमेरिकन समितीनेही सांगितलं होतं की ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवू नये. फॉरवर्डमध्ये तेवढं वाक्य आलं नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी की कोणी महिन्याच्या पिशवीतली एखादी गोळी वगळली तर कितीही गर्दी असो, मी कारण विचारतो. आणि बातमी हातात आली की पहिला प्रश्न एकच: हा अभ्यास कोणावर झाला? वय काय, आजार काय, मी त्यांच्यात बसतो का? याचं उत्तर बातमीत नसेल तर त्या बातमीवरून कुठली गोळी सुरूही करायची नाही आणि बंदही करायची नाही.

'धोका दुप्पट' एवढंच वाचणं

दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, हे विचारल्याशिवाय घाबरू नका. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की संततिनियमनाच्या काही नव्या गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. तो इशारा टीव्हीवर आला आणि हजारो बायकांनी चालू पाकीट मध्येच सोडलं. मूळ आकडा असा होता: जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांमध्ये गुठळी होणारी एक, तर नव्या घेणाऱ्या ७,००० मध्ये दोन. म्हणजे ७,००० मध्ये एक जास्त. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. ज्या गुठळीच्या भीतीने गोळी सोडली, तिचा धोका गर्भारपणात त्या गोळीपेक्षा जास्त असतो. इशारा देणाऱ्यांनी 'दुप्पट' म्हणण्याऐवजी 'सात हजारांत एक जास्त' असं सांगितलं असतं तर त्यातल्या कितीतरी जणींची फरफट टळली असती, असं मला अगदी मनापासून वाटतं.

टक्केवारी वाचली की मी बातमीच्या कोपऱ्यात पेनाने लिहितो: 'हजारात किती?' आधी हजारात किती होते आणि आता किती झाले, हे दोन आकडे सापडले तर बातमी कामाची. फक्त टक्के असतील तर माझ्या लेखी ती अर्धीच बातमी आहे, आणि अर्ध्या बातमीवर मी गिऱ्हाइकाला काहीच सांगत नाही.

बातमी वाचून गोळी सुरू करणं

इथे लोकांची घाई सगळ्यात जास्त दिसते आणि मला रागही सगळ्यात जास्त येतो. मार्च २०२० मध्ये फ्रान्समधून एक अभ्यास आला, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने कोरोनाचा विषाणू लवकर जातो असा. रुग्ण किती? छत्तीस. गोळी दिलेले आणखी सहा जण होते, पण त्यांना हिशेबातून वगळलेलं. त्यातले तिघे आयसीयूत गेले होते आणि एक दगावला होता. शिवाय मोजलं होतं ते सहाव्या दिवशी स्वॅबमध्ये विषाणू सापडतो का, एवढंच. माणूस बरा झाला का, हा प्रश्नच त्यात नव्हता. मग आयसीएमआरने, म्हणजे आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, रुग्णांची सेवा करणारे आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या घरातली माणसं यांच्यासाठी ही गोळी सुचवली. शिफारस त्यांच्यापुरतीच होती, पण रांग सगळ्यांनी लावली. चिठ्ठी नसताना पाच-पाच स्ट्रिपा मागणारे होते. मी परत पाठवले, तर मागच्या गल्लीत मिळेल म्हणून निघून गेले. दोन दिवसांत होलसेलरकडचाही माल संपला.

त्याच आठवड्यात एक ताई आल्या. त्यांना आमवात आहे, सात-आठ वर्षं हीच गोळी चालू, तिच्यावरच त्यांची बोटं वळतात. घरी चारच गोळ्या शिल्लक होत्या. मी साताऱ्यापर्यंत फोन लावले, कुठेच मिळाली नाही. त्यांना डॉक्टरांकडून दुसरी सोय होईपर्यंत तीन आठवडे गेले. त्या दिवसांत त्यांना भाकरी थापता येत नव्हती, ती सून थापायची. घाबरलेल्या लोकांच्या कपाटात मात्र गोळ्या पडून होत्या आणि बहुतेकांच्या तशाच एक्सपायर झाल्या.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या मोठ्या चाचणीने हॉस्पिटलमधल्या साडेचार हजारांवर रुग्णांवर ही गोळी तपासली. गोळी दिलेल्यांपैकी २७ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी २५ टक्के. फायदा काहीच नाही. तो फ्रेंच लेख डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला.

बातमी खरी असली तरी सुटका नाही. डेक्सामेथासोनचंच घ्या. त्याच रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिलं की या स्वस्त स्टेरॉइडने कोरोनाच्या गंभीर रुग्णांचे जीव वाचतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. पण त्याच निकालातला दुसरा आकडा पाहा: ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात गोळी दिलेल्यांपैकी १७.८ टक्के दगावले आणि न दिलेल्यांपैकी १४. त्यांना उपयोग दिसला नाही, उलट झालं तर नुकसानच. दुसऱ्या लाटेत लोक तापाच्या दुसऱ्याच दिवशी ही गोळी मागायला यायचे. स्टेरॉइडने साखर चढते आणि प्रतिकारशक्ती दबते. मे २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा डॉक्टर दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगत होते: ताब्यात नसलेली साखर आणि गरज नसताना घेतलेलं स्टेरॉइड. औषध तेच. हॉस्पिटलात सातव्या दिवशी एकाला तारलं, घरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला मारक ठरलं.

नव्या औषधाची बातमी आली की मी तिचं कात्रण कापून काउंटरमागच्या वहीत चिकटवतो आणि महिनाभर त्यावर बोलत नाही. महिन्याने पुन्हा पाहतो की दुसऱ्या कोणी तेच दाखवलं का, डॉक्टर तसं लिहून देऊ लागले का. वहीतली बरीचशी कात्रणं महिन्यानंतर कोणाला आठवतही नाहीत. 'आजच पाहिजे' म्हणणाऱ्याला मी चिठ्ठी आणायला सांगतो, मग तो रागावला तरी चालेल.

बाकीच्या चुका, थोडक्यात

उंदरावरचा अभ्यास माणसाचा समजू नका. 'उंदीर' हा शब्द बहुतेक वेळा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असतो, म्हणून मी शेवटचा परिच्छेद आधी वाचतो.

जुनी बातमी नवी समजू नका. मे २०२४ मध्ये कोविशील्डवरून केवढी धावपळ झाली! कंपनीने ब्रिटनच्या कोर्टात जे मान्य केलं, ते युरोपच्या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केलं होतं: अत्यंत क्वचित गुठळ्या होतात आणि प्लेटलेट्स घटतात. तो त्रास होतो तो डोस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. तीन वर्षांनी त्यासाठी रक्ताच्या तपासण्या करून घेणाऱ्यांचे पैसे वाया गेले आणि झोपही उडाली. ते पाहून मला वाईट वाटलं.

तुलनेचा गट नसेल तर निष्कर्ष काढू नका. त्याच महिन्यात कोव्हॅक्सिनबद्दल बनारसच्या विद्यापीठातला ९२६ जणांचा अभ्यास गाजला. लस न घेतलेल्यांचा गट त्यात नव्हता, त्यामुळे वर्षभरातली सर्दी-दुखणी लसीमुळे की एरवीचीच, हे कळायला मार्गच नव्हता. पुढे तो लेख मागे घेतला गेला.

'कॅन्सरच्या यादीत' हे शब्द वाचून घाबरू नका. जुलै २०२३ मध्ये साखरेऐवजी वापरलं जाणारं अस्पार्टेम कॅन्सर होण्याची 'शक्यता आहे' अशा गोष्टींच्या गटात गेलं. तो गट पुरावा किती पक्का हे सांगतो, धोका किती मोठा हे सांगत नाही. रोजची मर्यादा तेव्हाही तीच ठेवली गेली. सत्तर किलोच्या माणसाने ती ओलांडायला दिवसाला डाएट कोल्ड्रिंकचे नऊ ते चौदा कॅन लागतात.

आणि 'हे शास्त्रज्ञ रोज मत बदलतात, मग कशाला ऐकायचं' हे कृपा करून म्हणू नका. मोठा अभ्यास झाला आणि लहान अभ्यासाचं उत्तर चुकीचं ठरलं, तर मत बदलायलाच हवं. मत न बदलणारा डॉक्टर मला जास्त धोक्याचा वाटतो.

गोळी आधीच बंद करून बसला असाल तर

आजच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या घेऊ नका. हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या बीपीच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या आणि बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड अचानक थांबवणं जास्त धोक्याचं असतं, त्यात एक दिवसही घालवू नका. आणि किती दिवस बंद होती ते खरं सांगा. गुरुजींनी आयसीयूत "सगळ्या गोळ्या वेळेवर घेतो" असंच सांगितलं होतं. मुलाला तिसऱ्या दिवशी देवघराच्या खणात न फोडलेल्या स्ट्रिपा सापडल्या, त्या त्याने नेऊन दाखवल्या, तेव्हा डॉक्टरांना खरं कारण कळलं.