मेणाचा नमुना तोलून बघा, सोनं किती लागेल ते आधीच कळेल

मनासारखी अंगठी घडवून घेतली, पण सोनं ठरल्यापेक्षा जास्त लागलं, असं फार वेळा होतं. ओतकामाआधी, म्हणजे वितळलेलं सोनं साच्यात ओतण्याआधी, अंगठीचा मेणाचा नमुना तयार होतो, तो मागून घ्या.

१. बोटात घालून हळूच मूठ मिटा. कडा टोचते का, शेजारच्या बोटाला घासते का? मेण खरवडणं सोपं असतं.

२. नमुना बारीक काट्यावर तोला. १८ कॅरेटसाठी त्या वजनाला साधारण १५.५ ने गुणा, २२ कॅरेटसाठी १७.८ ने. म्हणजे ०.४० ग्रॅम मेणाला १८ कॅरेटचं ६.२ ग्रॅम सोनं. जड वाटलं तर आतून कोरून घ्यायला सांगा. बाहेरून काही फरक दिसत नाही.

नमुना रेझिनचा (प्लास्टिकसारख्या पदार्थाचा) असेल तर मात्र हे आकडे वापरू नका. रेझिन मेणापेक्षा जड असतं.