पॉम्पेईला जाण्याआधी

पॉम्पेई म्हणजे इटलीत नेपल्सजवळचं, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर. पहिलं काम तिकिटाचं. आता दिवसाला २०,००० माणसांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून ते घरूनच ऑनलाइन काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, छोट्या पिशवीत भागवा. नेपल्सहून सिर्कुमवेझुव्हियाना लोकलने ‘पॉम्पेई स्काव्ही’ला उतरलात की मरीना दरवाजा अगदी समोरच आहे.

पायात जाड तळव्याचे, वापरून रुळलेले बूट हवेत, नवे नकोत. रस्ते लाव्हाच्या दगडांचे, झिजून गुळगुळीत झालेले. त्यांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. हा शब्द आपण रोज वापरतो, पण खरीखुरी चाकोरी वाकून बघायला मिळते ती इथे. सावली फार कमी, त्यामुळे टोपी घ्या. पाण्याची बाटली एकच पुरे, आत नळांवर भरता येते.

उकरलेलं शहरच ४४ हेक्टरच्या आसपास आहे, सगळं बघायचा हट्ट धरू नका. नकाशावर पाच-सहा ठिकाणांवर आधीच खुणा करा. व्हेतुतियुस प्लाकिदुसचं खाण्याचं दुकान चुकवू नका: ओट्यात रांजण बसवलेले आहेत, त्यातल्या एकात नाण्यांची रासच सापडली. लहान मुलं बरोबर असतील तर ‘पळणाऱ्यांच्या बागे’बद्दल त्यांना आधीच सांगून ठेवा. इ.स. ७९ च्या उद्रेकात गेलेल्या १३ जणांच्या देहांचे प्लास्टरचे ठसे तिथे आहेत, आणि त्यांत मुलंही आहेत.

आणि कृपा करून नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. पॉम्पेईत भिंती उरल्यात, घरातलं सामान इथे आहे. १९३८ साली पॉम्पेईतल्या एका घरात सापडलेली हस्तिदंती भारतीय मूर्तीही इथेच आहे. उंची वीतभर, हातभर बांगड्या, पायांत वाळे, दोन्ही बाजूंना शृंगाराचं सामान धरलेल्या दोन सख्या. तिला लक्ष्मी म्हणतात, काही अभ्यासक यक्षी मानतात. तशीच हस्तिदंती स्त्रीमूर्ती आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात मिळाली, म्हणून ही तिकडेच घडली असावी असं काहींचं मत आहे. मी तिच्यापुढून बराच वेळ हलले नाही. संग्रहालय मंगळवारी बंद असतं. मूर्ती ‘गुप्त दालना’त, म्हणजे शृंगारिक वस्तूंच्या वेगळ्या दालनात ठेवतात, तेव्हा ते दालन त्या दिवशी उघडं आहे ना, हे तिकीट घेतानाच विचारा.