पऱ्हाटी पेटवू नका, तिचा कोळसा सांडपाण्याला लावा

कापसाची वेचणी संपली की खान्देशात बांधाबांधावर धूर दिसतो. पऱ्हाटी, म्हणजे शेतात उरलेली कपाशीची वाळकी झाडं, लवकर उपटायलाच हवी. गुलाबी बोंडअळी तिच्यावरच्या किडक्या बोंडांत दडून पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. पण तिची राख करण्यापेक्षा कोळसा करा. मोरीचं आणि धुण्याचं पाणी त्यातून गाळलं की परसातल्या लिंबा-शेवग्याला देता येतं.

खड्डा तीन फूट खोल, वर चार-पाच फूट रुंद, तळाशी निमुळता घ्या. काड्या कडकन मोडतील इतक्या वाळलेल्या हव्यात. तळाशी जाळ धरला की पातळ थर टाकत चला. वरच्या काड्यांवर पांढरी राख चढू लागली की लगेच पुढचा थर. उशीर झाला तर राख होते, घाई केली तर धूर कोंडतो. वरचा जाळ खालच्या कोळशापर्यंत हवा पोचू देत नाही, सगळी मेख इथेच आहे. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विझवा. आत धग राहिली तर सकाळी राखच हाती येते. काम पहाटे उरका, फाल्गुनात दुपारी वारा सुटला की ठिणगी शेजारच्या गव्हात जाते. क्विंटलभर वाळक्या काड्यांचा 20 ते 25 किलो कोळसा निघतो. चोळल्यावर बोटं चिकट झाली, डांबरासारखा वास आला, तर तो कच्चा समजा आणि पुढच्या खेपेला परत जाळात टाका.

कोळसा ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा कुटा, भुकटी चाळून काढा. पहिल्या वर्षी मी भुकटीसकट भरला होता. आठवड्यात ड्रम तुंबला आणि सगळा उपसावा लागला. भरण्याआधी पाणी नितळ येईपर्यंत धुवा.

200 लिटरच्या ड्रमला तळाशी तोटी बसवा. खाली 15 सेंमी खडी, 10 सेंमी जाड वाळू, 40 सेंमी कोळसा, वर पुन्हा 10 सेंमी वाळू. सगळ्यात वर केळीचं वाळलेलं सोपट अंथरा. यावल-रावेरकडे ते ढिगाने पडलेलं असतं. केस, खरकटं, तेलकट साय सोपटातच अडकते. दर आठवड्याला ते बदलून उकिरड्यावर टाका. माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं, तर पाच जणांच्या घरातून दोनशेच्या आसपास लिटर सांडपाणी निघतं. ते आधी टाकीत निवळू द्या, मग सावकाश सोडा.

वास, गढूळपणा आणि साबणाचा बराच भाग कमी होतो. साबणातला सोडियम मात्र जात नाही, तो काळ्या जमिनीला जड जातो. म्हणून एकाच आळ्यात रोज ओतू नका. जंतूही पूर्ण मरत नाहीत. हे पाणी पिऊ नका, जनावरांना पाजू नका, कोथिंबीर-मेथीला तर नकोच. शौचालयाचं किंवा फवारणीचा पंप धुतलेलं पाणी या ड्रमात कधीही सोडू नका.

वास परत येऊ लागला की कोळसा बदला. जुना कोळसा शेणखताच्या ढिगात मुरवून पावसाआधी शेतात पसरा.