मांजराच्या शीचा वास बदलला तर काय करावं

मांजराच्या शीला वास येणारच. मांस-मासळीवर जगणारा प्राणी आहे. आतड्यातले जिवाणू प्रथिनं मोडतात तेव्हा इंडोल, स्कॅटोल आणि गंधकाची संयुगं तयार होतात, तो दर्प त्यांचा. त्यामुळे ‘फार वास येतो हो’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. ‘परवापासून वेगळाच वास येतोय’ यावरून येतं. पण त्यासाठी रोजचा वास नाकाला माहीत हवा, म्हणून लॅव्हेंडर-बिव्हेंडरचं सुगंधी लिटर (शीच्या ट्रेमध्ये घालायची वाळू) आजच बंद करा. त्याने मांजराचं काही भलं होत नाही, फक्त तुमच्या लक्षात यायला चार दिवस उशीर होतो.

आधी वास नक्की कशाचा आहे ते ठरवा. डोळ्यांत जाणारा, अमोनियासारखा उग्र वास लघवीचा असतो. नसबंदी न झालेला बोका दारं-पडद्यांवर फवारे मारतो, तोही तसलाच. सडक्या मासळीचा वास शीला नसून मांजराच्या मागच्या भागाला येत असेल आणि ते ढुंगण घासत चालत असेल, तर गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबल्या असण्याची शक्यता जास्त.

मग खाणं बघा. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातलं लॅक्टोज पचत नाही. आंबूस वासाची, फेसाळ, पातळ शी दिसली की पहिलं दूध बंद. ‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दूधच पितात’ हे ऐकून मला कंटाळा आलाय. पितात, आणि मग कुंडीत जाऊन काय करतात ते कुणी बघत नाही. खाणं बदलायचं असेल तर जुन्यात नवं मिसळत सात ते दहा दिवसांत बदला.

दूध बंद करूनही दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, की प्रकरण व्हेटकडे. मऊ, फिकट, चिकट शी आणि असह्य घाण वास म्हटलं की जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी डोक्यात येतो. ब्रीडरकडून आणलेल्या तरुण पर्शियनला सतत दुर्गंधीयुक्त जुलाब होत असतील तर ट्रायट्रायकोमोनास हा तसलाच दुसरा परजीवीही असू शकतो; तो नेहमीच्या जंताच्या गोळीने जात नाही. वय झालेलं मांजर भरपूर खाऊनही वाळत चाललंय आणि शी ढिगाने, घाण वासाची होतेय, तर थायरॉइड तपासायला सांगा. पण नुसत्या वासावरून यातलं एकही निदान होत नाही. वासावरून रोग सांगणारे तक्ते फिरत असतात, त्यांच्यावर विसंबू नका.

निदान होतं ते नमुन्यावरून, आणि खरी मारामारी तिथेच आहे. मलाही हे जमायला वेळ लागला.

गुठळ्या होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर पातळ शी शोषून घेतं आणि प्रयोगशाळेत मातीच जाते. म्हणून त्या रात्री ट्रे धुऊन कोरडा करा आणि त्यात फाडलेली रद्दी टाका. मांजर नाराज होईल, फिरून येईल, शेवटी बसेल. घरात दोन मांजरं असतील तर एकाला ट्रे-पाण्यासकट बाथरूममध्ये किंवा वेगळ्या खोलीत ठेवा. ‘बहुतेक हिचीच असेल’ असा नमुना नेऊ नका.

केमिस्टकडे झाकणाचा छोटा डबा मिळतो, तो आधीच आणून ठेवा. हातमोजा घाला. सुपारीएवढी शी पुरते, पण घ्यायची कुठली? वरची सुकलेली नाही. जिथे शेंबडासारखा चिकट भाग किंवा रक्ताचा धागा दिसतो, तिथली. पाणी घालू नका. डब्यावर नाव आणि वेळ लिहा.

आता फ्रिजचा घोळ. जंतांची अंडी आणि जिआर्डियाच्या सिस्ट (त्याची कवचबंद अवस्था) तपासायच्या असतील तर नमुना फ्रिजमध्ये काही तास टिकतो. फ्रीझरमध्ये मात्र नाही. ट्रायट्रायकोमोनास थंडीत मरतो, त्यासाठी नमुना ताजाच पोचवावा लागतो. म्हणून आधी व्हेटला फोन करून काय तपासणार ते विचारा. जिआर्डिया रोज शीतून बाहेर पडत नाही, त्यामुळे एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून पेढे वाटू नका. तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या.

आणि नमुना देण्याआधी घरातलं उरलेलं अँटिबायोटिक किंवा माणसांची जुलाब थांबवायची गोळी अजिबात देऊ नका. लक्षणं दबतात, रिपोर्ट फसवतो, आणि माणसाची गोळी मांजराला विषासारखी बाधू शकते.

काही वेळा मात्र नमुना गोळा करत बसायचं नाही. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्तमिश्रित, भयंकर वासाचे जुलाब लागले तर पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा जीवघेणा आजार समजूनच रिक्षा पकडा. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे वरच्या आतड्यात किंवा पोटात रक्तस्राव असू शकतो. मांजराने दिवसभर तोंडात काही घेतलं नाही तरी थांबू नका. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि काहीच येत नाही, हे बद्धकोष्ठ वाटतं. पुष्कळदा लघवी तुंबलेली असते आणि त्यात जीव जाऊ शकतो.

शी रोज उचला. टोक्सोप्लाझ्मा या शीतून पसरणाऱ्या, गर्भाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीच्या अंड्यांना संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात आणि त्यांना वेगळा वास नसतो. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

रिपोर्टमध्ये जिआर्डिया निघाला तर औषधाबरोबर ट्रेही सांभाळा: शी उचलून ट्रे उकळत्या पाण्याने धुवा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. औषधाचा कोर्स संपत आला की मांजराच्या मागच्या पायांचे आणि शेपटीखालचे केस धुऊन पुसून काढा. सिस्ट केसांना चिकटून राहतात, मांजर ते चाटतं, आणि पंधरा दिवसांत तोच वास परत येतो.